बेगमबीची बंदूक

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण ही गोष्ट सांगायची तर घ्यावंच लागेल. बब्रुवान पाटील, गावचे पोलीस पाटील. बेंबळीच्या पुढं दीड कोसावर आमचं गाव, आणि आमच्या चुलीमागची भिंत म्हणजे चावडीची भिंत. चावडीत कोण काय बोललं ते ऐकायला मला कधी चूल सोडून उठावं लागलं नाही. बायका पाणवठ्यावर चुगल्या करतात असं पुरुष म्हणतात. त्यांनी एकदा त्या भिंतीला पाठ लावून भाकरी थापाव्यात, मग कळेल.

पासष्टच्या भादव्यात पाकिस्तानशी लढाई लागली. लढाई तिकडं पंजाबात, काश्मिरात. आमच्या गावात वीजसुद्धा नव्हती. पण उत्तरेश्वर दुकानदारानं सोलापूरहून ट्रान्झिस्टर आणला होता, आणि लढाई आपणच मागवल्याच्या तोऱ्यात तो डबा काखेत मारून चावडीत येऊन बसायचा. दुष्मनाचे छत्रीवाले शिपाई पंजाबात विमानतळांपाशी उतरले, एवढंच रेडिओनं सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते नळदुर्गच्या किल्ल्यात उतरले होते, आणि दुसऱ्या दिवशी तुळजापूरच्या घाटात. बांगड्या विकणाऱ्या एका फेरीवाल्याला टोळक्यानं हेर म्हणून झाडाला बांधलं. तो बिचारा बार्शीचा निघाला, पण तोवर त्याच्या निम्म्या बांगड्या फुटल्या होत्या. अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणून रेडिओ रोज कानीकपाळी ओरडायचा. एवढं सांगतात म्हणजे काहीतरी असणारच, असा आमच्या लोकांचा हिशोब.

शाळेचे शांतलिंग मास्तर शिळा पेपर वाचून दाखवायचे. माणूस सज्जन, पण समजावून सांगायची खोड भारी.

"आता लढाई पहिल्यासारखी राहिली न्हाय," एक दिवस ते म्हणाले. "आधी साध्या कपड्यातली माणसं आत पाठवायची. त्यांनी लोकांत मिसळायचं, पूल उडवायचे, माणसामाणसांत संशय पेरायचा. फौज मागून येते. काश्मिरात तसंच केलंय त्यांनी."

झालं. साध्या कपड्यातली माणसं म्हणजे कोण? आमच्या गावात सगळेच साध्या कपड्यात. पण चावडीतल्या सगळ्या माना एकाच बाजूला वळल्या असणार, हे मला भिंतीआडूनसुद्धा कळलं. त्या बाजूला मुसलमानांची दहाबारा घरं होती. आम्ही तिला मुलाण्याची गल्ली म्हणायचो.

मग चीनचा विषय निघाला. हिंदुस्थाननं आमची मेंढरं पळवली, ती परत करा, न्हायतर बघून घेऊ, असा दम चीननं भरला होता. चावडी पोट धरून हसली. मास्तर हसले नाहीत.

"मेंढरांवर जाऊ नका. त्यांच्याकडं अणुबाँब हाय. गेल्या साली वाळवंटात उडवून दाखवला."

"मंग टाकतील व्हय आपल्यावर?" म्हाताऱ्या गोरोबातात्यानं विचारलं.

"टाकायचा नसतो तो, तात्या. आपल्याकडं हाय, एवढं समोरच्याला कळलं की काम झालं. हाय का न्हाय, अशी नुसती शंका आली तरी समोरचा पाय मागं घेतो."

मी तव्यावरची भाकरी उलटली आणि मला बेगमबीची आठवण झाली.

बेगमबी म्हणजे मुलाण्याच्या घरची म्हातारी. म्हातारी म्हणते खरी, पण पन्नाशीच असेल. तिचा नवरा मुनवर वारून बरीच वर्षं झाली होती, आणि मुलाणीपण तिचा मुलगा आयुब सांभाळायचा. जत्रेतलं, लग्नातलं बकरं मुलाण्यानं कापल्याशिवाय आमच्या पाटलाच्या घरीसुद्धा कुणी तोंडात घास घालत नाही. मोहरमची सवारीही त्यांच्याच घरात. चांदीचा पंजा, त्याची पुरुषभर उंच काठी, वरचं हिरवं कापड, सगळं एका लांब लाकडी पेटीत. मोहरमचा चांद दिसला की पेटी उघडायची. मधल्या काळात तिला कुणी हात लावायचा नाही. सवारी उचलायचा मान आमच्या घराचा, आणि माझा थोरला मुलगा याच सवारीच्या नवसाचा.

यापेक्षाही त्या घराचं नाव होतं ते बंदुकीसाठी.

निजामाचं राज्य गेलं, पोलीस ॲक्शन झाली, तेव्हा आसपास फार वाईट घडलं. मी तेव्हा या गावात आले नव्हते, पण ऐकलं सगळ्यांकडून. आधी रझाकारांनी लोकांना छळलं होतं, आणि त्याचं उट्टं निघालं ते कुणाचं काही वाकडं न केलेल्यांवर. परगावचा एक जमाव मुलाण्याच्या गल्लीवर चालून आला. मुनवर घरात नव्हता. बेगमबी घरावरच्या सपाट माळवदावर चढली, घोंगडीत गुंडाळलेली लांब बंदूक तिनं खांद्याला लावली आणि ओरडली, "पहिला जो येईल तो मरंल. मागचे या मग खुशाल." पहिला व्हायला कुणीच तयार नव्हतं. जमाव आला तसा परत गेला.

त्या बंदुकीनं पुढं सतरा वर्षं गल्ली राखली. तिथली शेळी कुणी सोडून नेली नाही की कबरस्तानाचा बांध कुणी कोरला नाही. बंदूक पुन्हा कुणाला दिसली नाही, आणि दाखवा म्हणायची छाती कुणाची झाली नाही. पोलीस पाटील असून आमच्या ह्यांनीही ती कधी वर कळवली नाही. "म्या कुठं बघितली?" म्हणायचे.

लढाईत माळवदावर दिवा न्यायचा नाही असं उत्तरेश्वरनं परस्पर ठरवून टाकलं, जशी काही विमानं आमच्याच गावावर टपून बसली होती. एका संध्याकाळी आभाळ भरून आलं, आणि वाळत घातलेल्या उडदाच्या शेंगा गोळा करायला बेगमबी कंदील घेऊन माळवदावर गेली. दुसऱ्या दिवशी ती विमानाला खुणा करत होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या घरात बंदुकांचा ढीग होता. शेजारच्या गावात एका मुसलमान शेतकऱ्याची कडब्याची गंजी कुणी पेटवून दिली. आणि कुणीतरी थेट ठाण्यात जाऊन मुलाण्याच्या बंदुकीचं सांगून आलं.

फौजदाराचा निरोप आला. उद्या झडती. बंदूक मुकाट्यानं दिली तर ठीक, नाहीतर आयुबला घेऊन जाणार.

हे जेवले नाहीत. ताट सारून म्हणाले, "तू जा. तुझं ऐकती ती. म्हणावं बंदूक देऊन टाका. मी सांगतो, वढ्यात बेवारशी सापडली. आयुबचं नाव येऊ देणार न्हाय."

मी भर दुपारी गेले. बेगमबी शेंगा सोलत बसली होती. मी आडपडदा न ठेवता म्हटलं, "चाची, बंदूक देऊन टाका. पाटील निभावून न्हेतील."

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. मग उठून दाराला कडी घातली.

"धुरपदा, बंदूक न्हाय गं."

"चाची, निदान माझ्यापुढं तरी..."

"अल्लाची कसम. व्हती, ते खरं हाय. तुझ्या चाचांनी ॲक्शनच्या आधीच डोहात टाकली. घरात सापडली तर फौज मारंल म्हणून भेले. मंग ते माणसं आले तवा घरात मी, सासू आन एवढासा आयुब. काय घेणार हातात?" तिनं कोपऱ्यातल्या लांब पेटीकडं पाहिलं. "चांद नसताना पेटी उघडली मी. काठी काढली, घोंगडीत गुंडाळली आन वर गेले."

खरं सांगते, आधी मला रागच आला. आमचा मान, माझा नवस, आणि हिनं ती काठी अशी वापरावी! मग मनात आलं, त्या काठीनं माणसं राखली, सवारीचं दुसरं काम तरी काय असतं? राग गेला, आणि उद्याची झडती आठवली.

"मंग उद्या फौजदाराला पेटी उघडून दाखवा की. बंदूक न्हाय म्हणलं की आयुब सुटला."

"आन परवा?" ती म्हणाली. "उद्या पेटी उघडंल, आयुब सुटंल. पण मुलाण्याच्या गल्लीत एका काठीबिगर काय न्हाय, हे पंचक्रोशीला कळंल. परवा कोण येईल, ते तू सांग. आन न्हाय उघडली तर आयुबला न्हेतील, हाडं मोडतील. कुठं हाय म्हणून विचारतील. त्याला काय ठावं? त्यालाबी वाटतं, हाय."

"आयुबला सांगितलं न्हाय तुम्ही?"

"कसं सांगू? बंदूक हाय म्हणून तर त्यो या गावातून ताठ चालतो."

घरी येऊन मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी सकाळी फौजदाराला कोपऱ्यात घेऊन सांगून पाहिलं की साहेब, बंदूक न्हाय, मी जबान देतो. फौजदार हसला. "पाटील, तुम्ही त्यांचीच सवारी उचलता ना?" एवढंच म्हणाला.

झडती बघायला सगळं गाव लोटलं होतं. शिपायांनी जमीन उकरली, धान्याची कणगी आडवी केली, उतरंड फोडली. बेगमबी भिंतीला टेकून उभी होती. आयुबचे हात मागं बांधले होते आणि त्याच्या गालावर बोटं उमटली होती. बाहेरून लोक ओरडत होते, तिकडं बघा, चुलीखाली बघा. उत्तरेश्वर तर उंबऱ्याच्या आत येऊन शिपायांना जागा दाखवत होता, जसं काही त्याचंच घर.

मग फौजदार पेटीपाशी आला. कुलूप पाहून म्हणाला, "फोडा."

आणि ओरडणारे सगळे गप्प झाले. गोरोबातात्या पुढं आला. "साहेब, तेवढं सोडा. चांद न्हाय अजून." उत्तरेश्वरचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याच्या बायकोनंही दोन साल सवारीला मलिदा वाहिला होता. त्यानं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि म्हणाला, "पेटीला हात नका लावू, साहेब. ते आमचं हाय." घर रिकामं झालं तरी चालणार होतं, पेटी मात्र त्यांची होती. मला संताप आला आणि आशाही वाटली. पेटी बंद राहिली तर बंदूकही राहील.

फौजदार काही खुळा नव्हता. "ठीक आहे," तो म्हणाला. "पेटी राहू द्या. पोरगा येतोय माझ्याबरोबर. पेटीत काय आहे ते तो ठाण्यात सांगेल."

शिपायानं आयुबला दाराकडं ढकललं. तो उंबऱ्यात अडखळून गुडघ्यावर पडला. तिथूनच मागं वळून म्हणाला, "अम्मा, बंदूक दे दे ना. कहां रखी सो दे दे."

बेगमबीनं डोळे मिटले. मग तिनं रांजणातून पाणी घेऊन हात धुतले, कमरेची किल्ली काढली आणि स्वतःच्या हातानं पेटी उघडली.

हिरवं कापड. पंजा. काठी. बाकी काही नाही.

फौजदारही दोन पावलं मागं सरला. त्यानं खूण केली आणि आयुबचे हात सोडले. लोकांनी पंजाला हात जोडले. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात गोरोबातात्या त्या काठीकडं टक लावून म्हणाला, "मंग त्या टायमाला माळवदावर काय व्हतं?"

काठी समोरच होती, तिची लांबी समोर होती. एकेकाच्या तोंडावर ते उमटत गेलं. आणि उत्तरेश्वर हसला. "आरं तिच्या! काठी? काठीला भेत व्हतो व्हय आपण?" मागचे चारपाच जण हसले, मग सगळेच. हसण्यात वाईट असं काही नव्हतं, फजिती झाल्यावर माणसं हसतात तसंच होतं ते. बेगमबीनं पेटीचं झाकण लावलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी नजर वळवली.

पुढं थोड्याच दिवसांत लढाई थांबली. रेडिओनं तसं सांगितलं, चावडीत गूळ वाटला. मुलाण्याच्या गल्लीत ती तेव्हाच सुरू झाली. आधी माळवदावर धोंडे पडले. मग एका घरच्या दोन शेळ्या गेल्या. मग कुणीतरी कबरस्तानाच्या आत नांगराचं तास ओढलं, अगदी मुनवरच्या कबरीपर्यंत. मास्तर म्हणाले, हे बरोबर न्हाय. सगळे म्हणाले, व्हय, हे बरोबर न्हाय. आणि दसरा तोंडावर आला तशी बातमी आली की सतरा वर्षांमागं परत गेलेला तो परगावचा जमाव दसऱ्याला येणार आहे, राहिलेलं काम पुरं करायला.

मी ह्यांना म्हटलं, "अवो, तुम्ही पाटील ना? काय तरी करा."

"कळवलंय वर," हे म्हणाले. "म्या एकटा काठी घेऊन उभा राहू म्हणतीस? काठीला आता कोण भेतंय?"

दुसऱ्या दिवशी मी घागर घेऊन आडावर गेले. तिथं विठाबाई होती. विठाबाईच्या पोटात गोष्ट राहिली असं आजवर कुणी ऐकलेलं नाही. मी तिला बाजूला घेतलं.

"कुणाला सांगणार न्हाय म्हण."

"तुळजाभवानीची आन."

"पेटीत बंदूक कशी असंल? सवारीशेजारी बंदूक ठेवतं व्हय कुणी? ती भिंतीत हाय. म्या माझ्या डोळ्यांनी बघितली."

दिवेलागणीला भिंतीपलीकडून मला माझेच शब्द ऐकू आले. "भिंतीत हाय म्हणं. खुद्द पाटलीणबाईनं बघितली." दुसऱ्या दिवशी बंदुका दोन झाल्या. तिसऱ्या दिवशी त्यातली एक हैदराबादेहून ट्रकमधून नळदुर्गला आलेली होती. गेलेल्या दोन शेळ्या गल्लीच्या तोंडाशी कुणी तरी आणून सोडल्या. दसरा झाला, परगावचं कुणी आलं नाही. उत्तरेश्वर मुलाण्याच्या घरावरून जाताना रेडिओचा आवाज बारीक करायला लागला.

हे घरी आले आणि माझ्याकडं बघत राहिले. "तू बोललीस?"

"व्हय."

"आन फौजदार परत आला तर?"

मी त्यांना भाकरी वाढली. मी ताठ्यात होते हे खरं. पेपरातली मोठी माणसं ज्यासाठी वाळवंटं जाळतात, ते मी घागर भरता भरता केलं होतं.

त्याच ताठ्यात मी दुसऱ्या दिवशी दुपारी बेगमबीकडं गेले. ती बाहेर ओट्यावर बसली होती, हात मांडीवर, काही न करता. तिला मी रिकाम्या हातानं बसलेली कधी पाहिली नव्हती. आतून धप धप आवाज येत होता, आणि दारातून मातीचा धुरळा बाहेर येत होता.

"आयुब काय करूलालाय, चाची?"

"भिंत खणूलालाय. पहार घेऊन." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "मला म्हणला, अम्मा, मला मार खाऊ दिलास पण खरं सांगितलं न्हाईस. म्या म्हणलं, बेटा, न्हाय रे बंदूक. तर म्हणला, पाटलीणबाईनं डोळ्यांनी बघितली. त्या खोटं कशाला बोलतील?"

गावाला सांगताना या एका माणसाचा मी विचारच केला नव्हता. मी आत जायला निघाले. त्याच्यापुढं उभं राहून सांगणार होते, की बाबा, मी खोटं बोलले, तुझी अम्मा खरी आहे, टाक ती पहार.

बेगमबीनं माझं मनगट धरलं. "थांब. तिकडं बघ."

गल्लीच्या तोंडाशी उत्तरेश्वर उभा होता, आणखी तिघं होते. त्यानं रेडिओ पार बंद केला होता. चौघंही मान तिरपी करून आतला आवाज ऐकत होते. मग एकमेकांकडं पाहून, काही न बोलता, आल्या वाटेनं परत गेले.

"खणू दे," बेगमबी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "लोक ऐकूलालेत."

मी खाली बसले. घर मातीचं, आणि परतीचा पाऊस अजून यायचा होता. आतला आवाज थांबला. आयुब दमल्या आवाजात म्हणाला, "अम्मा, ये भिंत में तो कुछ नै. पिछली भिंत में है क्या?"

बेगमबीनं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं पदर सावरला, गळा साफ केला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हौ बेटा! पिछली भिंत में देख!"

पहार पुन्हा सुरू झाली.